प्रायश्चित्ताचा कर्ता : मुंबईच्या मराठी ख्रिस्ती जीवनातील क्षमेची परिभाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे आजवर बहुधा दोन दृष्टींनी झाला आहे. एक दृष्टी मुद्रणाच्या आणि गद्याच्या इतिहासाची, दुसरी धर्मांतराच्या वादाची. पहिलीत मिशनऱ्यांच्या छापखान्यांस श्रेय मिळते, दुसरीत मिशनऱ्यांस दोष मिळतो, आणि दोहोंतही एक गोष्ट राहून जाते. हा धर्म ज्यांनी मराठीतून आचरला त्यांस आपले अपराध बोलून दाखविण्यासाठी आणि दुसऱ्याचे अपराध विसरण्यासाठी कोणते शब्द मिळाले, आणि प्रसंग आला तेव्हा ते शब्द कितपत उपयोगी पडले, याचा शोध फारसा घेतला गेलेला नाही. प्रस्तुत लेखक इतिहासाचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तेव्हा धर्मशास्त्रातील सिद्धांतांचा निर्णय करण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु शब्दांच्या मागे जाता जाता तो गिरगाव, चौपाटी, भायखळा, परळ अशा ओळखीच्या वस्त्यांत येऊन पोहोचला, आणि तेथे घडलेल्या काही घटनांचा उलगडा व्याकरणाच्या वाटेने अधिक नीट होतो असे त्यास वाटू लागले. तो उलगडा येथे मांडावयाचा आहे.

प्रारंभ 'प्रायश्चित्त' या शब्दापासून करणे सोयीचे. परंपरागत व्युत्पत्ती 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी दिली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, धर्मशास्त्रकारांच्या मनातील अर्थ तीतून स्पष्ट होतो. प्रायश्चित्त हे निश्चयपूर्वक करावयाचे तप आहे आणि ते ज्याचे पाप त्यानेच करावयाचे आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचा विस्तार आहे, आणि म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या विषयाचे जे विवेचन केले आहे त्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास मराठीत या नामाबरोबर तीन क्रियापदे येतात : देणे, घेणे आणि करणे. शास्त्रीमंडळी किंवा धर्मसभा प्रायश्चित्त देते. अपराधी ते घेतो. आणि करतोही तोच. देणारा आणि करणारा या दोन व्यक्ती सदैव वेगळ्या असतात. देणारा नसेल तर करणाऱ्याची कितीही इच्छा असली तरी ती वाया जाते. पुढे ज्या प्रकरणाचा विचार करावयाचा आहे त्यात नेमके हेच घडले, म्हणून ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

'क्षमा' हा शब्द निराळ्या घराण्यातला. 'क्षम्' म्हणजे सोसणे. पृथ्वीस क्षमा म्हणतात ते ती सर्व सोसते म्हणून. जुन्या मराठीत क्षमा हा प्रामुख्याने मनुष्याचा एक गुण आहे, घडलेल्या अपराधाबाबत कोणी केलेली कृती नव्हे. कृतीसाठी बोलीने दोन स्वतंत्र सोयी करून ठेवल्या होत्या. एक दरबारी : माफी. अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला हा शब्द सारा, जमीन, दंड यांच्याशी जोडलेला होता. सरकारने आपले येणे सोडून दिले म्हणजे माफी झाली. दुसरी सोय घरगुती : अपराध पोटात घालणे. दरबारी माफीचा हुकूम लिहून निघतो. पोटात घातलेल्या अपराधाचा कागद होत नाही, उच्चारही होत नाही. तो नुसता नाहीसा होतो. मराठी माणूस देवाजवळ मागणे मागताना बहुधा या दुसऱ्या शब्दप्रयोगाचा आश्रय करीत आला आहे, आणि वारकरी संप्रदायाने विठ्ठलास माऊली म्हणून त्या प्रयोगाला दैवताचे अधिष्ठान दिले.

येथे थोडे विषयांतर करतो. मुंबईत मराठी बोलणारा आणि बायबलच्या पूर्वार्धास धर्मग्रंथ मानणारा एक समाज प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या पूर्वीपासून नांदत होता, तो बेने इस्राएलांचा. यहुदी पंचांगातील पापक्षालनाचा जो सर्वांत मोठा दिवस, त्याला त्यांच्या मराठीत दरफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, असे नाव होते. क्षमा, प्रायश्चित्त, पाप यांपैकी एकही शब्द त्या नावात नाही. दारे लावून दिवसभर उपाशी बसणारे घर तेवढे डोळ्यांपुढे येते. याच समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे त्याला जे हिब्रू नाव मिळाले त्याचा अर्थ दयेचे द्वार असा होतो. एकीकडे लावलेले दार, दुसरीकडे उघडे दार. मिशनऱ्यांनी याच लोकांत शाळा काढल्या, पण भाषांतर करताना त्यांची ही घरगुती परिभाषा कोणाला उचलावीशी वाटली नाही, याचे प्रस्तुत लेखकास नेहमी नवल वाटत आले आहे.

ख्रिस्ती क्षमेचा मुंबई बेटांवरील इतिहास अर्थातच प्रॉटेस्टंटांपासून सुरू होत नाही. दादरचे पोर्तुगीज चर्च फ्रान्सिस्कनांनी १५९६ साली स्थापिले; गिरगावचे सेंट तेरेझा चर्च अठराव्या शतकातले. तेथे गुरूपुढे गुडघे टेकून पाप सांगण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालू होती. गोव्याकडून येऊन धोबीतलाव आणि गिरगाव भागात स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांत या रीतीला कुमसार म्हणतात. पोर्तुगीज 'कोन्फेसार' कोकणी जिभेवर घोळून हा शब्द झाला आणि इतका घरचा झाला की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. कॅथलिक मताप्रमाणे या संस्कारात अनुताप, कबुली आणि भरपाई अशी अंगे आहेत. भरपाई गुरू नेमून देतो आणि पापी ती करतो. म्हणजे देणे, घेणे, करणे ही तिन्ही क्रियापदे येथे आपापल्या जागी शाबूत आहेत. दादरच्या चर्चमधील कोळी किंवा भंडारी ख्रिस्त्याला त्याच्या हिंदू शेजाऱ्याचे प्रायश्चित्त पाहून त्याची रचना तरी परकी वाटण्याचे कारण नव्हते. फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याइतके धैर्य दाखविले, त्याच्या मुळाशी अशीच काही जवळीक असावी.

प्रॉटेस्टंट भाषांतरकारांपुढील अडचण याहून मोठी होती. केरीच्या देखरेखीखाली श्रीरामपुरास मोडी लिपीत १८११ साली छापलेला मराठी नवा करार मुंबईकडील मिशनऱ्यांस पुरेसा वाटला नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल व त्याचे सहकारी यांनी भाषांतर नव्याने आरंभिले, आणि १८२६ साली हॉलचा मृत्यू झाला त्या वर्षी संपूर्ण नवा करार मुंबईत छापून निघाला. पुढे तो वेळोवेळी सुधारला गेला, परंतु मुख्य पारिभाषिक शब्द एकदा रूढ झाले ते बव्हंशी टिकले. या मंडळींच्या मताने मनुष्याने स्वतः केलेल्या कोणत्याही कर्माने पाप फिटत नाही. ते ख्रिस्ताच्या मरणाने फिटले आहे. हे सांगण्यासाठी मराठीत शब्द कोणता? नवा शब्द घडविता आला असता. त्यांनी प्रायश्चित्त हाच घेतला.

या निवडीने काय साधले ते लेवीय या पुस्तकात पाहावे. तेथे अपराधी मनुष्य पशू आणतो, पण प्रायश्चित्त करतो तो याजक, अपराध्यासाठी. हिब्रू क्रियापदाचा कर्ता याजक आहे, म्हणून मराठीतही तोच झाला. नव्या करारात तर ही गोष्ट आणखी पुढे गेली. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त प्रायश्चित्त करतो असे नसून तोच प्रायश्चित्त होय असे विधान आहे. जी कृती होती ती व्यक्ती झाली! गिरगावातील एखाद्या शास्त्रीबोवांच्या हाती हे पुस्तक पडले असेल तर त्यांना एकही शब्द अडला नसेल, आणि तरी वाक्याचा अर्थ मुळीच लागला नसेल. मराठी ख्रिस्ती भाषेची घडण यातून उमजते. तिने नामे जुनीच ठेवली आणि क्रियापदांचे कर्ते बदलले.

हे मराठीतच घडले असे नव्हे. येशूच्या उपदेशातील मन पालटा अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदासाठी जुन्या लॅटिन भाषांतरात प्रायश्चित्त करा असा अर्थ निघणारे शब्द होते. लोरेन्झो व्हाल्लाने पंधराव्या शतकात त्यावर बोट ठेवले, इरॅस्मसने १५१६ नंतरच्या आपल्या आवृत्त्यांत तोच मुद्दा पुढे नेला, आणि ल्यूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव सूत्रांपैकी पहिले सूत्र याच शब्दाविषयी आहे. मराठी भाषांतरकारांस हा इतिहास परिचयाचा होता. म्हणून मनुष्याकडून अपेक्षित असलेल्या कृतीसाठी त्यांनी 'पश्चात्ताप' हा शब्द निवडला आणि 'प्रायश्चित्त' ख्रिस्तासाठी राखून ठेवला. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा दाह; ग्रीक शब्दातील मनाची दिशा बदलण्याचा अर्थ त्यात पुरता येत नाही. तरी ही वाटणी भाषेच्या दृष्टीने नीटनेटकी होती यात संशय नाही. जीवनात मात्र ती इतकी नीटनेटकी उतरावयाची नव्हती.

सन १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्रि या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले होते. गिरगावातील आंब्रोली हे त्यांच्या कार्याचे केंद्र. चार वर्षांपूर्वी, १८३९ साली, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याने शहरात एकच गदारोळ उडाला होता. तो ताजा असतानाच नारायणाचे प्रकरण उपस्थित झाले, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. श्रीपताचे वय सुमारे बारा वर्षांचे. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्यावर हुकूम निघाला, न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे सुनावणी झाली, आणि अल्पवयी मुलावर बापाचा हक्क असल्याने मुलगा बापाच्या स्वाधीन करावा असा निकाल झाला.

कायद्याचे काम येथे संपले. मुलगा घरी आला, पण घरात घेता येईना. त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्नोदक घेतले होते, म्हणून तो पतित. पतिताला परत घेण्याचा मार्ग प्रायश्चित्त. ते करावयास मुलगा आणि बाप दोघेही तयार. अडले ते 'देणे' या क्रियापदापाशी. देणारा कोण? परधर्मीयांच्या घरी राहून आलेल्यास प्रायश्चित्त आहे की नाही याविषयीच मतभेद झाला आणि पुष्कळांनी नाही असे म्हटले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर तेव्हा तिशीच्या आसपासचे होते. मुलगा अजाण आहे, त्याला शुद्ध करून घ्यावे, असा पक्ष त्यांनी उचलला. मुंबईच्या ब्राह्मण समाजात यावरून दोन तट पडले आणि बाळशास्त्रींस स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. शिवकालात, १६७६ साली, नेताजी पालकराला परत घेण्यात आले होते हे सर्वांस ठाऊक होते. पण तेथे देणाऱ्यामागे छत्रपती उभा होता. १८४३ च्या मुंबईत एक प्राध्यापक आणि वृत्तपत्रकार उभा होता. बाळशास्त्री १८४६ साली वारले.

या प्रकरणाची हकीकत बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासात सांगितली जाते आणि तेथे ती योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती बाजूने पाहिले असता तिला आणखी एक अंग आहे. मिशनची पत्रके याच काळात हिंदूंच्या प्रायश्चित्तविधीवर टीका करीत होती. पंचगव्याने पाप कसे धुतले जाईल, असा त्यांचा प्रश्न असे. तो प्रश्न गैरलागू नव्हता. पण त्याच पत्रकांत त्याच शब्दाने ख्रिस्ताच्या मरणाचा महिमाही वर्णिलेला असे. एका बारा वर्षांच्या मुलाच्या दारात त्या वर्षी प्रायश्चित्ताचे दोन अर्थ येऊन उभे राहिले. एका अर्थाने ते त्याच्यासाठी अठराशे वर्षांपूर्वीच होऊन चुकले होते. दुसऱ्या अर्थाने ते त्याला द्यावयास कोणी पुढे येत नव्हते. आणि त्याचा वडील भाऊ? तो पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला, जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत त्याने वसविली आणि त्याच्या कार्याचा लौकिक मोठा झाला. एका घरातील दोन मुलगे एकाच शब्दाच्या दोन तीरांवर राहिले. मिशनच्या वृत्तान्तांत नारायणाचा गौरव आहे आणि श्रीपत हा हातचा गेलेला मुलगा आहे. त्याच्या बापाच्या दुःखाविषयी तेथे जो कोरडेपणा दिसतो, तो क्षमेचा उपदेश करणाऱ्यांस शोभणारा नव्हता असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला, १८६६ च्या कायद्याने नवख्रिस्त्याला सोडून राहणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत विवाहविच्छेदाची वाट काढून दिली. हक्क मिळाले, तुटलेले घर जोडण्याची तजवीज कोणत्याही कायद्यात नसते. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे समुद्रकिनारी जे वाद झाले त्यांत दोन्ही पक्षांचे तर्कपांडित्य दिसते. मिशनरी पक्षाकडून जॉर्ज बोवेन यांनी त्या वादांचा वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध केला. कर्माचे फळ अटळ असेल तर क्षमेला जागा कोठे, आणि क्षमा सहज मिळत असेल तर न्यायाला जागा कोठे, हे दोन प्रश्न एकमेकांवर फेकण्यासारखे आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. पण वादात क्षमेविषयी बोलणे आणि क्षमा करणे यांत अंतर आहे. त्या काळातील मुंबईच्या लोकांस या मंडळींपैकी बोवेन यांच्याविषयी आदर वाटला तो त्यांच्या युक्तिवादामुळे नव्हे. मिशनचा पगार सोडून ते एखाद्या बैराग्यासारखे शहरात राहिले आणि १८८८ साली मरेपर्यंत तसेच राहिले, म्हणून.

यानंतर या इतिहासात जो खरा पालट झाला तो एका स्त्रीने केला, आणि त्याचा पहिला पडाव गिरगाव चौपाटीच आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. सदनात धर्मांतरास उत्तेजन मिळते या आरोपावरून १८९३ साली सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदी मंडळी बाहेर पडली. तो वाद सर्वश्रुत आहे, येथे उगाळीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीची आहे. १८८३ साली रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींकडे राहावयास गेल्या. त्या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे वाममार्गास गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता, तो पाहण्यास त्या गेल्या. ज्यांना समाजाने बाहेर टाकले त्यांची शुश्रूषा तेथे सुशिक्षित स्त्रिया प्रेमाने करीत आहेत, हे पाहून त्या स्तिमित झाल्या. असे का करता, हे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. आपल्या मनाचा कौल येथून फिरला असे त्यांनी उत्तरायुष्यातील आत्मनिवेदनात नोंदविले आहे.

रमाबाई पंडिता होत्या, हे येथे विसरून चालणार नाही. धर्मशास्त्राचे वचन त्यांच्या जिभेवर होते. कोणत्या पातकास कोणते प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि स्त्रीच्या बाबतीत ते सांगताना शास्त्रकारांची आणि त्याहून अधिक रूढीची लेखणी कोठे कठोर होते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. फुलहॅमला त्यांना जे दिसले ते असे की त्या स्त्रियांनी काही करण्याच्या आधीच त्यांना घरात घेतले गेले होते. देणे, घेणे, करणे हा क्रमच मोडला होता. पुढे केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. शतकाच्या अखेरीस तेथेच अशा स्त्रियांसाठी त्यांनी निराळी वास्तू बांधली आणि तिला कृपासदन असे नाव दिले. हे नाव काळजीपूर्वक वाचावे. क्षमासदन म्हटले असते तर आत येणारीच्या अपराधाचा उच्चार दारावरच झाला असता. प्रायश्चित्तसदन तर बोलावयासच नको. कृपा हा शब्द मराठी माणूस पत्राच्या शेवटी सहज लिहितो, कृपालोभ असावा म्हणतो. त्या शब्दात अपराध्याचा हिशेब नाही. प्रत्येक मराठी पत्रलेखकाच्या हाती असलेला हा शब्द दारावर लावताना रमाबाईंनी त्याची निवड नकळत केली असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. कारण पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले, ते प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांनी भारलेली भाषा सामान्य स्त्रियांस कळत नाही या तक्रारीपायीच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या; ते भाषांतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. छापखाना मुक्ती सदनातील, आणि खिळे जुळविणाऱ्या तेथल्याच स्त्रिया.

रेव्हरंड ना. वा. टिळकांविषयी थोडेच सांगतो, कारण स्मृतिचित्रे वाचलेल्यास अधिक सांगण्याची जरूर नाही. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदू राहिल्या. विवाहविच्छेदाचा कायदा हाताशी होता, पण त्याची वाट ना टिळकांनी धरली ना लक्ष्मीबाईंनी. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास आल्या, प्रथम आपले सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. आपल्याला न विचारता पतीने केलेल्या एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल त्यांनी त्याला क्षमा केली का, हा प्रश्न त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकास पडतो. पुस्तकभर राग आहे, रुसवा आहे, थट्टा आहे. क्षमेचा औपचारिक उच्चार शोधून सापडावयाचा नाही. मघाशी उल्लेखिलेला घरगुती वाक्प्रचार येथे लागू पडतो. लक्ष्मीबाईंनी तो अपराध पोटात घातला. टिळकांनी आपल्या भजनांत ख्रिस्ताला माऊली म्हणून जी हाक मारली आहे तीत केवळ तुकोबांचा संस्कार पाहणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. ती हाक मारणाऱ्याच्या घरात कोण होते तेही पाहावयास हवे. टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वारले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ख्रिस्तायन पुरे केले.

आता एक शब्द राहिला, आणि तो परळ-लालबागकडचा आहे. येशूने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठाप्रमाणे, क्षमेची मागणी ऋणाच्या भाषेत आहे. लूकच्या पाठात पाप हा शब्द आला आहे, पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात पुन्हा ऋणकोच उभा आहे. याचे कारण येशूच्या बोलीत, अरामी भाषेत, सापडते. तीत एकच शब्द कर्ज आणि पाप अशा दोन्ही अर्थी चालतो. मराठी भाषांतरकारांनी मत्तयात ऋण हा शब्द आणि सोडणे हे क्रियापद ठेवले. भाषांतर चोख आहे, कारण ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ जाऊ देणे हाच. पण मराठी कानाला या जोडीत काही वेगळे लागते. आपल्याकडे ऋण फेडावयाचे असते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तिन्ही फेडावयाची. उपकाराचे ऋण फिटले की माणूस उतराई होतो. फेडणे या क्रियापदाचा कर्ता ऋणको आहे, सोडणे याचा कर्ता धनको. येथेही नाम तेच आणि कर्ता दुसरा, हा मघाचाच न्याय.

गिरणगावात ऋण हा शब्द पारमार्थिक नव्हता. रुपयामागे दरमहा एक आणा व्याज म्हणजे वर्षाचे शेकडा पंचाहत्तर, हा दर तेथे सर्रास चाले, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकाराचा माणूस उभा असे. नगर जिल्ह्याकडून दुष्काळाच्या आणि दारिद्र्याच्या रेट्याने आलेल्या कामकरी कुटुंबांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. काही वर्षांपूर्वी शब्दसंग्रहाच्या कामासाठी परळ भागात हिंडत असता अशाच एका कुटुंबातील वृद्ध बाईंशी माझे बोलणे झाले. त्यांचे वडील गिरणीत होते. लहानपणी रोज रात्री प्रार्थना म्हणताना ऋण म्हणजे पठाणाचे पैसे असेच त्या समजत. देव पठाणाला सांगेल आणि तो यावयाचा थांबेल, अशी त्यांची समजूत. मोठेपणी अर्थ कळला तेव्हा आपण थोड्या खट्टू झालो, असे त्या म्हणाल्या.

मी त्यांना वाक्याच्या उत्तरार्धाविषयी विचारले, कारण तेथे सोडणाऱ्याच्या जागी देव नसून प्रार्थना करणारा आहे. त्या हसल्या. त्यांच्या आईने शेजारच्या खोलीतील बाईला एकदा वीस रुपये दिले होते. घरात स्वतःलाच कर्ज असता दिलेले ते पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून प्रार्थनेत आई ऋणाच्या वाक्यापर्यंत सर्वांबरोबर मोठ्याने म्हणे, त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला गप्प राही, आणि पुढचे वाक्य पुन्हा मोठ्याने धरी. मुलांना ते ठाऊक होते, वडिलांनाही असावे. कोणी काही बोलत नसे. दोनअडीच वर्षे असे चालले. मग एका रात्री, कोणताही सण किंवा प्रसंग नसताना, आईने सबंध वाक्य म्हटले. शेजारीण भिंतीपलीकडेच होती, आणि बाईंच्या माहितीप्रमाणे तिला यातले काहीच कधी कळले नाही.